ज्युडिथवैनीची खिडकी

आधीच सांगून टाकते, काचेतलं मला ओ की ठो कळत नाय. माझं काम मातीचं. मी मूळची पेणची. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात लग्नाआधीपासून आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे लिहिते. लग्न होऊन रोह्याला आले तरी हातातला ब्रश सुटला नाय. काम असलं की सकाळच्या गाडीनं पेण गाठायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. तेव्हा माझ्याकडनं कलेबिलेच्या मोठ्या गोष्टी ऐकायला मिळतील अशी आशा धरू नका. मी सांगणार हाय ती माझ्या शेजारणीची, ज्युडिथवैनीची गोष्ट. आणि मधे मधे माझं तोंड सुटलं तर सुटू द्या, मला तसंच सांगता येतं.

वैनीचं आडनाव कासूकर. नवरा सामाजीभाऊ कासूचे, म्हणून कासूकर. बेने इस्राएल माणसं. त्यांच्या वाडवडलांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून जुनी लोकं त्यांना शनवार तेली म्हणायची. एके काळी आमची अर्धी आळी त्यांचीच होती म्हणे. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा थोडी घरं उरली होती. मग तीही एकेक करून इस्राएलला गेली. जाताना कुणी पाटा देऊन गेलं, कुणी तुळशीवृंदावनाएवढ्या कुंड्या, कुणी झोपाळा. माझ्या स्वैपाकघरातला पाटा अशाच एका घरचा हाय. त्याच्यावर वाटण वाटताना अजून त्या बाईची आठवण येते.

सामाजीभाऊ मात्र हलले नाय. धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. "मी गेलो तर यांचा बॉयलर कोण सांभाळणार?" असं म्हणायचे, आणि खरंच तसं मानायचे. शिफ्ट कुठलीही द्या, तक्रार नाय. फक्त शुक्रवारी जनरल शिफ्ट मागून घ्यायचे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत वैनी शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विसाव्याचा दिवा लावते. काचेचा पेला, खाली पाणी, वर खोबरेल, त्यात तरंगती वात. एकदा लावला की विझवायचा नाय, आपला आपण शांत होऊ द्यायचा. त्या दिवशी तिन्हीसांजेला कंपनीची बस कोपऱ्यावरच्या बदामाखाली थांबली की हा माणूस डबा हातात घेऊन उतरायचाच. बाकीच्या दिवशी नाईट मारीन, डबल मारीन, पण शुक्रवारी घरी.

त्यांना एकच लेक, तामार. ती लग्न करून तिकडं इस्राएलात, अश्दोदला गेली आणि वैनीचं घर एकदम गप्प झालं. भाऊ रिटायर होऊन पेपर वाचत बसायचे. वैनी पूर्वी शिवणाचे क्लास घ्यायची, ते बंद पडले. हातांना काम नाय म्हणजे वैनीला ताप आल्यासारखं व्हायचं. अशात तो करोना आला, सगळे घरात कोंडले, आणि बाईनं मोबाईलवर कुठल्या तरी गोऱ्या बाईला रंगीत काचांची खिडकी जोडताना बघितलं. झालं! बाजार उघडल्या उघडल्या काचवाल्याकडनं रंगीत तुकड्यांची पाटीच उचलून आणली.

काच कापायचं चाकाचं पेन, कडेला चिकटवायची तांब्याची पट्टी, सोल्डरिंगचं मशीन, सगळा संसार जेवणाच्या टेबलावर. बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या. मी म्हणायचे, "गो वैनी, या वयात बायका हाती पोथी धरतात, आणि तू काच धरलीस! रक्त सांडायची एवढी हौस होती तर मच्छीबाजारात बसायचं." ती हसायची. तिचं हसणं फार छान होतं, अगदी खांदे हलायचे.

मोबाईलवर नक्ष्यांचा नुसता पूर. लांब देठाची परदेशी फुलं, बर्फावरचे पक्षी, समुद्रातले दीपस्तंभ. वैनीला त्यातलं एक पसंत पडेना. "हे फूल माझ्या दारात कधी आलं नाय गो," म्हणायची, "मी ते काचेत कुठनं उगवू? नक्षी घरातच असते. आपण तिला उजेडाला धरून बघत नाय एवढंच."

आणि मग बाईनं सगळं घर उजेडाला धरायला काढलं. अळूचं पान धरलं. कांद्याची चकती धरली. पापलेटचा काटा धुऊन पुसून खिडकीत टांगला, तो मांजरानं नेला. एकदा माझ्याकडं आली, मी गरम घावन ताटात वाढलं, तर हिनं ते दोन बोटांत धरून दारातल्या उन्हाला लावलं. उन्हाचे कवडसे तिच्या तोंडावर. मी ओरडले, "वैनी, खा ते! थंड होतंय, वातड होईल!" ती म्हणते, "रंभा, जाळी बघ गो काय पडलीय." पंधरवड्यात तिच्या न्हाणीच्या झरोक्यात पांढऱ्या आणि दुधी काचेची खिडकी बसली. घावनाची जाळी, हुबेहूब. सकाळी ऊन आलं की न्हाणीत सगळीकडं घावनाची भोकं पडायची. मी मुद्दाम बघायला जायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या तव्यावरचं हाय हे.

तिचं नाव थोडं झालं मग. अलिबागच्या वाटेवर बंगले बांधणारी माणसं यायची. कुणाला राधाकृष्ण पाहिजे, कुणाला बुद्धाचा चेहरा. वैनी सरळ सांगायची, आमच्या धर्मात बसत नाय, चेहरा मी करत नाय. मी चिडवायचे, "मी डोळ्यांवर पोट भरते आणि तू डोळ्यांना हात लावत नायस. आपलं दोघींचं जमतं कसं?" तेव्हाच कधी तरी मी तिला आमच्या कारखान्यातली पद्धत सांगितली होती. आमच्यात डोळे लिहायला बसण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतात, मूर्ती कुठं बसणार आणि हात जोडणारा कुठं उभा राहणार. खाली बसून बघणारा असला तर नजर थोडी खाली उतरवायची. मांडव मोठा, माणसं लांबनं बघणार, तर आखणी झाल्यावर आपण दारापर्यंत मागं जायचं आणि तिथनं बघायचं. जवळनं कितीही सुरेख दिसू दे, दारातनं बाप्पा आपल्याकडं बघत नसला तर काम फुकट. वैनीनं ते ऐकून घेतलं, हसली, आणि काच घासायला लागली.

मग भाऊंचं सुरू झालं.

आधी बारीकसारीक. चहात मीठ. चष्मा फ्रीजमध्ये. माझं नाव विसरले, त्याचं काय, माझा नवरापण विसरतो. पण एके दुपारी जेवून उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि वैनीला म्हणाले, "चला, आता घरी जाऊया." वैनीला वाटलं चेष्टा करतायत. "अहो, हेच की घर." भाऊंनी पाहुण्या माणसानं बघावं तसं चारी भिंतींकडं बघितलं. "चांगलं हाय," म्हणाले. "पण आता निघायला पाहिजे. उशीर होतोय."

त्या दिवसापासून रोज. सकाळी म्हणायचे, दुपारी म्हणायचे, दिवस कलला की तर जिवाची नुसती उलघाल. चपला पायातनं काढायचे नाय, कधी काढल्याच तर खुर्चीशेजारी घेऊन बसायचे, बसस्टँडवर बसतात तसे. वैनी त्यांना हाताला धरून आळीत फिरवून परत दारात आणायची. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक छोटी नळी तिरकी ठोकलेली असते, आत देवाची वचनं; मझुझा म्हणतात. आत शिरताना तिला बोटं लावून बोटांचा मुका घ्यायचा. भाऊंचा हात आपोआप तिथं जायचा, बोटं ओठांना लागायची, आणि आत येऊन बसले की पुन्हा तेच, "चला, घरी जाऊया." मला तर रडू यायचं बघून. वैनी रडायची नाय. ती फक्त दिवसेंदिवस बारीक होत चालली.

एका संध्याकाळी मी पेणवरनं येत होते. कासूला गाडी थांबली आणि खिडकीतनं बघते तर फलाटावर सामाजीभाऊ! हातात रिकामा डबा. मी ओरडतच उतरले, पिशवी गाडीतच राहिली. "भाऊ! इथं काय करताय? वैनीचा जीव खालीवर होत असंल तिकडं!" ते माझ्याकडं बघून हसले. "तुम्ही पण कासूच्याच का?" म्हणाले. "आमचं घर कुठं गेलं हो? इथंच होतं." त्यांचं लहानपणचं घर कधीच पडलं, तिथं आता कुणाच्या तरी फार्महाऊसची भिंत हाय. तिथं जाऊन, भिंतीला हात लावून, परत आला होता माणूस. पुढची गाडी येईस्तोवर आम्ही बाकावर बसलो. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि सगळ्या देवांना शिव्या घालत होते, माझ्यासुद्धा आणि त्यांच्यासुद्धा.

ही गोष्ट तामारच्या कानावर गेली. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच बसले होते. "आई, आता बास. डिसेंबरात मी येते, तुम्हा दोघांना घेऊन जाते. इथं अशा माणसांना सांभाळायच्या चांगल्या जागा हायत."

"जागा," वैनी म्हणाली. "अगो, जन्म गेला त्या घरात त्यांना घर सापडत नाय. तुझ्या जागेत सापडंल?"

"आई, ते आता कुठंच सापडणार नाय. समजून घे ना."

वैनीनं बोटाची सुटलेली चिंधी परत गुंडाळली. मग म्हणाली, "एकदा सापडू दे. माझ्या डोळ्यांदेखत एकदा त्यांना घरी आलेलं बघू दे, मग कुठंबी ने. हरवलेला माणूस घेऊन मी विमानात बसणार नाय."

लेकीशी बोलणं झाल्यावर ती उठली आणि पुढल्या खोलीतल्या मोठ्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आळीकडं तोंड करून असलेली खिडकी. पूर्वी तिथं लाकडी गजांची जुनी खिडकी होती. वैनीनंच ती काढून काळ्या काचेची सरकती बसवून घेतली होती, धूळ नको, डास नको म्हणून. "ही काढते," मला म्हणाली. "इथं अशी काच लावते की ती बघून त्यांनी म्हटलं पाहिजे, आलो घरी." एखादी बाई डॉक्टर करील, गंडादोरा करील. हिला येत होती काच, तर हिनं काच धरली.

पहिली खिडकी घाण्याची. घरात पितळेची एक जुनी पळी होती, भाऊंच्या आज्याच्या घाण्यावरची. त्या पळीच्या वळणावरनं वैनीनं घाण्याचा गोल धरला, तपकिरी लाकूड, मधनं तेलाची धार. विठू सुतारानं चौकट करून ती जागेवर बसवली. दुपारच्या उन्हात सगळी खोली तिळाच्या तेलात न्हाल्यासारखी झाली. मी म्हटलं, भाऊ आता पाघळतील. भाऊंनी बघितलं, मान डोलावली. "सुरेख काम हाय. कुणाचं घर हे?" आणि चपला चाचपल्या.

दुसरी मलिद्याची. त्यांच्यात काही चांगलं झालं, नवस फिटला, की एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वर फळं आणि गुलाब, सगळं एका मोठ्या ताटात. वैनीनं ते ताट उजेडाला धरता येत नव्हतं म्हणून माळ्यावर चढून वरनं बघितलं, माझा जीव टांगणीला. खिडकीत पांढरं, पिवळं, केळ्याचं, डाळिंबाचं, असं गोल ताट झळकायला लागलं. भाऊंचे डोळे चमकले! "आज मलिदा हाय?" वैनीचा हात छातीवर. "हो, हाय ना!" तिनं धावत जाऊन खरोखरचा करून आणला. भाऊंनी पोटभर खाल्ला, हात पुसले, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "जेवण छान झालं. आता आम्ही निघतो."

त्या दिवशी वैनी न्हाणीत जाऊन रडली. पाणी सोडलं होतं तरी मला ऐकू आलं.

नोव्हेंबर सरत आला. माघीच्या गणपतीचं काम निघालं होतं, म्हणून मी पेणला जात होते. शुक्रवार होता. गाडीतनं उतरून आळीत शिरते तर बदामाच्या झाडाखाली भाऊ उभे. हातात तोच रिकामा डबा. तोंड घराकडं. मी म्हटलं, सुटले वाटतं परत. रागावणारच होते, पण त्यांच्या उभं राहण्यात काही तरी वेगळं होतं. शोधत नव्हते ते. वाट बघत होते.

"काय बघताय भाऊ?"

"दिवा लागला नाय अजून," ते म्हणाले. "दिवा दिसला की मग घरी जायचं."

मी घराकडं बघितलं. काळी काच जाऊन आता मलिद्याचं ताट होतं, पण बाहेरनं संध्याकाळी ते नुसतं काळंकुट्ट दिसत होतं. रंगीत काचेचं तेच असतं ना, दिवसा ती आतल्या माणसाची, रात्री आत उजेड असला तर बाहेरच्याची. आणि वैनीचा दिवा तर ती काळी काच बसवली तेव्हाच आत गेलेला, पडद्यानं पेट घेऊ नये म्हणून फडताळावर. त्याआधी जन्मभर तो कुठं असायचा? गजांच्या मागं, खिडकीच्या पट्टीवर. बस इथं थांबायची. हा माणूस इथं उतरायचा. त्याचं घर इथनं सुरू व्हायचं.

मी भाऊंना हाताला धरून घरात नेलं आणि वैनीवर खेकसलेच. "वैनी! तू आतनं बघतेस गो, आतनं! हात जोडणारा कुठं उभा हाय ते बघितलंस का? दारात जा. बदामाखाली जा!"

ती गेली. मीपण गेले. दोघी झाडाखाली उभ्या राहून आम्ही ती जुनी खिडकी आठवत बसलो, फोटो तर कुणी काढला नव्हता. उभे गज काळे दिसायचे. त्यांच्या मधनं वर पिवळा उजेड, खाली पाण्यातनं आलेला फिका, हलता उजेड. "बस, एवढंच होतं," वैनी म्हणाली. "एवढंच होतं गो. आणि मी तेल नि ताटं शोधत बसले."

तिनं दोन्ही खिडक्या उकलल्या. मलिद्याच्या ताटातला पिवळा, घाण्यातल्या तेलाचा पिवळा. मी म्हटलं, अगो नको, इतकं सुरेख काम मोडू नकोस, दुसरी काच आण. ऐकतेय होय! सोल्डरिंग वितळवून एकेक तुकडा सोडवला, नवा कापला. झाली खिडकी तेव्हा मला खरं तर हिरमोड झाल्यासारखं वाटलं. वर पिवळ्या पट्ट्या, खाली पाणचट पांढऱ्या, मधे काळ्या रेघा. कुणालाही विचारा, ही पण नक्षी म्हणायची का? मी बोलले नाय. माझं तोंड मला आवरता येतं कधी कधी.

तामार बुधवारी आली. तिकिटं घेऊनच आली होती. लेक वाईट नाय हो, आल्या आल्या बापाच्या पायाशी बसली. भाऊ तिला म्हणाले, "बाळ, तुझं घर कुठं?" तिनं ओठ दाताखाली धरला. आईनं खिडकी दाखवली तर म्हणाली, "आई, तू थकलीयस." एवढंच.

शुक्रवार आला. दिवस मावळायच्या आधी वैनीनं डोक्यावर पदर घेतला, काचेच्या मागं खिडकीच्या पट्टीवर ठेवलेल्या पेल्यात पाणी घातलं, वर खोबरेल, वात सोडली, दिवा लावला. डोळ्यांवर हात धरून तिची प्रार्थना म्हटली. ती त्या दिवशी नेहमीपेक्षा लांबली. खोलीतली ट्यूब आधीच बंद करून बारीक पिवळा बल्ब तेवढा चालू ठेवला होता. मग ठरल्याप्रमाणे मी भाऊंना फिरवायला म्हणून बाहेर काढलं. झाडाखाली आम्ही उभे. उजेड ओसरत गेला. समोरच्या भिंती काळ्या झाल्या. आणि ती खिडकी, ती माझ्या मनातनं उतरलेली खिडकी, हळूहळू उजळत आली. वर पिवळी, खाली पाण्यासारखी, मधे गज. ज्योत हलली की खालचं पाणी हलायचं. देवाशप्पथ सांगते, मीसुद्धा क्षणभर नवी नवरी झाले, आळीतली सगळी घरं परत माणसांनी भरलेली.

भाऊंनी माझा हात सोडला. "लागला," म्हणाले. "लागला दिवा!"

आणि चालायला लागले. महिनोन्‌महिने पाय ओढणारा माणूस, शिफ्ट सुटल्यावर चालायचा तसा ताडताड चालला. मी मागं धावतेय. दारात पोचले, चौकटीला बोटं लावली, ओठांना लावली. चपला काढल्या. कोपऱ्यात, जिथं काढायच्या तिथं. आपल्या खुर्चीत बसले, पाय लांब पसरले आणि छाती भरून श्वास सोडला. "हुश्श. आलो बाबा एकदाचा घरी."

तामार तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. मी तर मोठ्यानंच. वैनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचं तोंड त्या वेळी इतकं सुंदर दिसत होतं की काय सांगू, लग्नातल्यासारखं. भाऊ पाणी प्यायले. भांडं तिच्या हातात परत दिलं आणि दोन्ही हात जोडले.

"बाय, दिवा तुम्ही लावलात का?"

"व्हय," वैनी म्हणाली.

"लय उपकार झाले. किती दिवस झाले, मला दिवाच दिसंना. आता मी आलोय, आता काळजी नाय. तुम्ही निघा, तुमच्या घरी माणसं वाट बघत असतील. माझी ज्युडिथ येईलच एवढ्यात."

मी तोंड उघडलं, "अहो भाऊ, हीच की—" तेवढ्यात वैनीनं माझं मनगट धरलं. काचेनं खरबरीत झालेली ती बोटं, असं घट्ट धरलं की वळ उठला. भांडं तिनं सावकाश टेबलावर ठेवलं. "येते हं मग," ती भाऊंना म्हणाली, पाहुणी बाई म्हणते तशी.

"सावकाश जा. काळोख पडलाय," भाऊ म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकलेच. "सांगायचं होतंस! कानात ओरडून सांगायचं, मीच ती! एवढी बोटं कापून घेतलीस ती काय हे ऐकायला?"

"हळू बोल गो. ऐकतील." ती बदामाखालच्या पारावर जाऊन बसली. "किती महिन्यांनी माणसानं पाय पसरले बघितलंस ना? मीच ज्युडिथ म्हणून सांगितलं तर घाबरतील. परत चपला शोधतील. बसू दे त्यांना."

मी शेजारी बसले. समोर खिडकी. आतल्या खुर्चीची सावली पिवळ्या पट्ट्यांवर पडली होती, हलत नव्हती.

"छान झालीय ना?" तिनं विचारलं.

"छान झालीय वैनी."

"इथनं मी ती कधी बघितलीच नव्हती. दिवा लावणारी मी आतच असायची." मग तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "रंभा, मला घरी जायचंय गो."

मी तिचा हात मांडीवर घेऊन बसले.

जरा वेळानं तामार बाहेर आली. डोळे सुजलेले. आईच्या पायाशी बसली. "आई, मी त्यांना इथनं कशी नेऊ आता?"

"नेऊ नकोस," वैनी म्हणाली. "तुझं विमान तू गाठ. आम्ही हाय इथं."

तामारनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "पप्पा सारखे विचारतायत, ज्युडिथ अजून कशी आली नाय. काय सांगू?"

वैनीनं लेकीच्या केसांवरनं हात फिरवला. नजर खिडकीवरच होती.

"सांग, वाटेत हाय. येतेय म्हणावं."

तामार उठून आत गेली. वैनी पारावर तशीच बसून राहिली.